म्हाताऱ्या पावसाचा टायर

पुष्य नक्षत्र लागून चार दिवस झाले होते. आमच्याकडे पुनर्वसूच्या पावसाला तरणा म्हणतात आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा. तरणा येतो, दणादणा आपटतो, दोन झाडं पाडतो आणि पुढच्या गावाला जातो. म्हातारा तसा नव्हे. तो ओट्यावर येऊन बसतो. अंगात जोर नाही, पण उठायचं नाव नाही. दिवसभर आपलं तेच तेच पुटपुटत राहतो. अशा या म्हाताऱ्याच्या पाचव्या दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमाराला मी नशिराबादच्या शिवारात, माझ्या शेतापासून अर्धा किलोमीटर अलीकडे, मोटारसायकलवर बसलेला होतो. गिअर पहिला होता. क्लच सोडला की गाडी एक उसासा टाकायची आणि बंद पडायची. मागचं चाक फिरत नव्हतं, पुढचं वळत नव्हतं, आणि स्टँड लावलेला नसताना गाडी खांबासारखी सरळ उभी होती. खात्री करायला मी दोन्ही पाय उचलून पाहिले. तरी उभी. सोळा वर्षांच्या सहवासात या गाडीनं मला दिलेला हा पहिला आधार.

तेवढ्यात फोन वाजला. अमेरिकेतून भाचा. सिएटलला असतो.

"मामा, कामात आहात का?"

"नाही. अडकलोय."

"मग बरं झालं. निवांत बोलता येईल. मला सांगा, ट्रॅक कोणता घेऊ?"

मला वाटलं, डॉक्टरांनी याला पळायला सांगितलं असणार. म्हटलं, "घराजवळचा घे. लांबचा घेतलास की पंधरा दिवसांत बंद पडतं."

तर ते पळण्याचं नव्हतं. भाच्याकडे एक दणकट मोटारसायकल आहे, डोंगरात उड्या मारायची. हिवाळ्यात तिकडे बर्फ पडतो आणि ती गॅरेजमध्ये पडून राहते. म्हणून यंदा तो तिचं पुढचं चाक काढून तिथं घसरपट्टी लावणार होता आणि मागचं चाक काढून तिथं रबराचा पट्टा. रणगाड्याला असतो तसा, पण एकच. या पट्ट्याला ट्रॅक म्हणतात आणि अशा गाडीला स्नो बाइक.

"म्हणजे दोन्ही चाकं काढायची?" मी विचारलं.

"हो."

"आणि मग गाडी चालते?"

"बर्फावर काय सुंदर चालते, मामा!"

मी खाली पाहिलं. माझ्या गाडीला दोन्ही चाकं होती.

पुढची पंधरा मिनिटं भाचा बोलत होता आणि मी ऐकत होतो. जायचं कुठं होतं? बर्फ म्हणजे बर्फ, एवढंच आजवर मला ठाऊक. आमच्याकडे तो लाकडाच्या भुशात, गोणपाटाखाली, लादीच्या रूपात राहतो आणि उन्हाळ्यात किसून, वर लाल रंग घालून खातात. पण भाच्याकडे बर्फाच्या जाती निघाल्या. एक भुरभुरीत, पिठीसाखरेसारखा. त्यात गाडी बुडू नये म्हणून पट्टा लांब लागतो. एकशेवीस इंचांचा मिळतो, एकशे एकोणतीसचा मिळतो, एकशे सदतीसचा मिळतो. त्या पट्ट्यावर रबराच्या फळ्या उभ्या असतात, त्या अडीच इंच उंच असल्या की भुरभुऱ्या बर्फात वल्ह्यासारख्या काम करतात. पण तोच पट्टा ओल्या, जड बर्फात नेला की त्या फळ्या फावडं होतात आणि गाडी पुढं जायच्या ऐवजी खाली जाते. टणक बर्फावर उंच फळ्या नुसत्या वाकतात आणि झिजतात. लांब पट्टा तरंगतो चांगला पण वळायला कुरकुरतो, आखूड पट्टा वळतो छान पण बुडतो.

"आमच्याकडचा बर्फ ओला असतो ना, मामा. लोक त्याला कॅस्केड काँक्रीट म्हणतात. कॅलिफोर्नियातल्याला म्हणतात सिएरा सिमेंट."

"आमच्या गावात सिमेंटचा कारखानाच आहे," मी म्हटलं, "पण तिथल्या मालाला अजून कुणी बर्फ म्हटलेलं नाही."

"मी तक्ता केलाय. आठ आठवडे झाले, ठरत नाहीये. तुम्ही भूगोलाचे शिक्षक. जमिनीतलं तुम्हाला जेवढं कळतं तेवढं आपल्या घरात कुणाला कळत नाही."

या शेवटच्या वाक्यानं माझा घात केला.

मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. 'दख्खनच्या पठारावरील बेसॉल्ट खडकाच्या अपक्षयापासून रेगूर मृदा तयार होते; ही मृदा ओलावा दीर्घकाळ धरून ठेवते; कापसास उपयुक्त' हे वाक्य मी इतक्या वेळा फळ्यावर लिहिलंय, की झोपेत लिहिलं तरी 'अपक्षय'चा 'क्ष' चुकायचा नाही. ती सरांनाही दीर्घकाळ धरून ठेवते, हे मात्र पाठ्यपुस्तकात नव्हतं. या मातीत एक चिकणखनिज आहे, माँटमोरिलोनाइट. पाणी मिळालं की ते फुगतं, पाणी गेलं की आकसतं. नवीन जावयासारखं.

फोन ठेवल्यावर दहा मिनिटांनी आमचा सालदार आला. चालत. गुडघ्यापर्यंत धोतर, चपला हातात. त्यानं गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बांधावरच्या बाभळीची एक काडी मोडली आणि उकिडवं बसून मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये भरलेला काळा ऐवज टोकरायला लागला.

"सर, काडी नही ठेवत का तुम्ही गाडीले?"

"काडी?"

"बाभयची. हातभर. सारे ठेवतात."

मला त्याची कीव आली. तिकडे माझा भाचा एकशे सदतीस इंचांचा हिशेब करतोय आणि इकडे आमचं तंत्रज्ञान बाभळीच्या काडीवर येऊन थांबलंय. त्याच क्षणी मी ठरवलं, की टायर शास्त्रानं निवडायचा.

घरी आल्यावर गाडी धुतली, चष्मा लावला आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या टायरच्या कडेवर काय लिहिलंय ते वाचलं. वर्षानुवर्षं ज्याच्यावर बसून फिरलो, त्याचं मनोगत मी कधी वाचलंच नव्हतं. २.७५-१८, म्हणजे रुंदी पावणेतीन इंच आणि आत बसणारी रिम अठरा इंचांची. पुढं ४२ पी. या बेचाळीसचा अर्थ निघाला दीडशे किलो वजन आणि पीचा अर्थ ताशी दीडशे किलोमीटर वेग. मी सद्गदित झालो. माझी गाडी आजवर एकदाच त्रेपन्नला गेली आहे, तेही उताराला, वारा पाठीशी असताना, आणि तेव्हा मागं बसलेल्या बायकोनं पाठीत बुक्का मारला होता. टायर बिचारा दीडशेची तयारी ठेवून इतकी वर्षं वाट पाहत होता.

सगळ्यात शेवटी एका लांबट चौकटीत चार आकडे होते : ०९१४. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. म्हणजे माझा टायर २०१४ सालच्या नवव्या आठवड्यातला, फेब्रुवारी सरतानाचा. त्याच सुमाराला महाराष्ट्रात ती मोठी गारपीट सुरू झाली होती. म्हणजे जन्मवेळेनुसार पाहिलं तर माझ्याकडे बर्फाचाच टायर होता. नक्षीचं म्हणाल तर ती कधीकाळी होती. आता टायरचा गोटा झाला होता. समोर धरून दाढी करता आली असती.

"चिखलाला टायर बघताय, तर पंचांग बघा आधी," स्वयंपाकघरातून आवाज आला. "नक्षत्राचं वाहन काय आहे ते तरी कळेल."

तिनं टोमणा मारला होता, पण मुद्दा खरा होता. आपल्या पूर्वजांनी पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन नेमून दिलंय. कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती, घोडा. वाहनावरून पाऊस किती पडणार ते सांगतात. म्हैस, बेडूक आणि हत्ती असले की शेतकरी खूश. पण मी नीट पाहिलं, नऊच्या नऊ वाहनांत चाकाचं एकही नाही. ज्यांनी ही यादी केली, ते या मातीत एकदा तरी अडकलेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही घेतली आणि तक्ता आखला. आडव्या ओळीत टायर, उभ्या ओळीत चिखल. भाच्याकडे बर्फाच्या चार जाती असतील. मी संध्याकाळपर्यंत चिखलाच्या अकरा केल्या. पहिल्या सरीनंतरचा, वरून ओला आणि आतून कोरडा, तो फसवा. पाण्यासारखा पातळ, अंगावर उडतो पण गाडी सोडतो, ती राड. राड ही सज्जन. बैलगाड्यांनी तुडवून केलेला गारा. खड्ड्यात साठून आंबलेला रेंदा, याला वासावरून ओळखावं. आणि सगळ्यांचा राजा म्हणजे दोन दिवस उघडीप मिळून अर्धवट सुकलेला लगदा : दिसतो कोरडा, वागतो डिंकासारखा. तो एकदा टायरला लागला की मग टायरला टायर लागत जातो. पावणेतीन इंचांचा टायर शंभर पावलांत ट्रॅक्टरचा होतो. यात आणखी तरण्याचा चिखल वेगळा आणि म्हाताऱ्याचा वेगळा. पुढं मघाचा पाऊस सासूंचा म्हणतात आणि पूर्वाचा सुनांचा. त्या दोन्हींचा चिखल मी एका रकान्यात घालणार होतो, पण हिनं वहीत डोकावून पाहिलं आणि मी दोन रकाने केले.

या तक्त्यात मला बारा दिवस लागले. दरम्यान कपाशीत गवत कमरेला आलं. सालदार रोज सकाळी चालत शेतात जायचा, संध्याकाळी चालत यायचा आणि ओट्यासमोरून जाताना विचारायचा, "सर, झाला का तुमचा अभ्यास?"

आता हातात तक्ता आहे म्हटल्यावर तज्ज्ञांना दाखवायला हवा. आमच्या गावात तज्ज्ञ महामार्गाच्या कडेला, पंक्चरच्या दुकानासमोरच्या बाकावर बसतात. दुकानावर 'येथे पंचर मिळेल' अशी पाटी आहे. तिच्यावर मी पूर्वी हसायचो, पण भाच्यानं एकदा सांगितलेली गोष्ट ऐकल्यापासून हसत नाही. कॅनडातल्या बोंबार्डिए नावाच्या गृहस्थानं १९५९ साली बर्फावर चालणारी हलकी गाडी बाजारात आणली. तिचं नाव म्हणे 'स्की-डॉग' ठेवलं होतं. छापणाऱ्यानं शेवटच्या जीच्या जागी ओ छापला आणि ती जगभर 'स्की-डू' झाली. तेव्हा 'पंचर मिळेल'चंही पुढं काय होईल सांगता येत नाही.

मी तक्ता बाकावर पसरला. कुणी तो पाहिला नाही. त्याच्यावर चहाचे ग्लास ठेवले गेले आणि चर्चा सुरू झाली.

"बटन टाका सर, बटन," दुकानदार म्हणाला. बटन टायर म्हणजे ज्याच्या अंगावर रबराचे सुटे सुटे ठोकळे असतात तो. "आखा शिवार फिरा मंग."

"बटनात गारा भरतो ना भो," शेजारचा म्हणाला. "एकदा भरला की ते बटन ऱ्हाते का? लाडू होतो त्याचा."

"मांगे बटन, पुढी रेघवाला. पुढचं चाक चिरत गेलं पाहिजे."

"हवा कमी करा. पंधरावर आना. टायर पसरला की बुडत नही."

"पसरला की चिटकतो! हवा जास्त भरा. बारीक चाक चिखल कापून खालच्या टनक जागेवर जातं. बैलगाडीले लोखंडी धाव कशाले होती मंग?"

"म्हनून तर सारे डनलॉपच्या गाडीवर आले ना, धाव सोडून!"

हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. कारण हाच वाद सिएटलमध्ये चालू होता. तरंगायचं की रुतून पकड घ्यायची? लांब की आखूड? उंच फळी की बुटकी? सात समुद्र ओलांडून माणूस गेला तरी बाकावरच्या मंडळींच्या पलीकडे गेलेला नाही. फरक इतकाच, की तिकडे या वादाचं दुकान झालं. आयडाहो राज्यातल्या सँडपॉइंट नावाच्या लहानशा गावात टिंबरस्लेड नावाची कंपनी मोटारसायकलींना हे पट्टे जोडून देऊ लागली, तिला २०१५ साली पोलारिससारख्या बड्या कंपनीनं विकत घेतलं, आणि २०१७ साली तर अॅस्पेनच्या एक्स गेम्समध्ये या गाड्यांची शर्यत झाली. आमच्या बाकाला अजून कुणी विकत घ्यायला आलेलं नाही. चर्चा मात्र त्याच दर्जाची आहे.

सगळ्यात टोकाला बसलेले एक आजोबा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "मी सांगू का सर? वाफसा होऊ द्या."

वाफसा म्हणजे मातीची ती अवस्था, जेव्हा पाणी बेताचं उरतं, ढेकूळ हाताला चिकटत नाही आणि औत चालतं. मी वर्गात याची व्याख्या पाच गुणांना विचारत असे. पण टायर घ्यायला निघालेल्या माणसाला 'थांब' म्हणणं आणि नवरदेवाला वरातीत 'विचार कर' म्हणणं सारखंच. मी बटन टायर घेतला. दोन्ही. तरसोदच्या गणपतीला गेलो, चाकाखाली लिंबू ठेवलं. बटनाच्या दोन ठोकळ्यांमधल्या फटीत ते लिंबू अख्खंच्या अख्खं बसलं आणि चिरडलं न जाता पुढं चार हात फिरून आलं. हा शकुन की अपशकुन, याबद्दल घरात मतभेद झाले.

नव्या टायरचा पहिला गुण महामार्गावर कळला. आमचा हा महामार्ग मोठा थोर. पूर्वी सहा नंबरचा होता, आता त्रेपन्न. गुजरातच्या हजिऱ्याहून निघतो तो थेट ओडिशाच्या पारादीपला समुद्राला भेटतो. याच महामार्गावर अमरावती-अकोल्याच्या बाजूला २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत घातला आणि गिनेसच्या पुस्तकात नाव गेलं. मी लगेच गणित केलं होतं : या वेगानं माझा पावणेतीन किलोमीटरचा शेतरस्ता चार तासांच्या आत होतो. सकाळी सुरू केला तर जेवायला घरी. तो रस्ता 'होईल' असं माझे आजोबा सांगत, मग वडील सांगत. मी आता नातवाला सांगतो, त्यामुळे घराण्यातली एक परंपरा तरी टिकून आहे. आमच्या टप्प्याच्या चौपदरीकरणाचं नाव 'तरसोद ते चिखली' होतं. ते चिखली पार पुढं, जिल्ह्याच्या त्या अंगाला. मला महामार्ग सोडला की तीन फर्लांगात चिखली लागते.

तर अशा या गुळगुळीत रस्त्यावर माझे बटन टायर गुणगुणायला लागले. तिसाला भुंगा, चाळिसाला पिठाची गिरणी आणि पन्नासाला गाडीसकट माझे दातही त्यांच्या सुरात. मागं बसलेल्या हिनं दोनदा आभाळाकडे पाहिलं.

"विमान आहे का?"

"नाही. आपणच आहोत."

शेतरस्त्याला लागलो. पहिली पन्नास पावलं टायर असा चालला, की मी मनातल्या मनात भाच्याला पत्र लिहायला घेतलं. साठाव्या पावलाला शेजारचा म्हणाला होता तो लाडू वळायला सुरुवात झाली. सत्तराव्याला वळून झाला. जुना गोटा टायर निदान गुळगुळीत असल्यानं माती थोडी तरी सोडत असे. या बटनांनी प्रत्येक ढेकूळ नाव लिहून ठेवल्यासारखं धरून ठेवलं. आणि गाडी उभी राहिली. पहिल्यापेक्षा जास्त सरळ. ही मागून उतरली, साडी खोचली, चपला हातात घेतल्या आणि शेताकडे चालायला लागली. थोडं पुढं जाऊन वळून म्हणाली, "तुमचं तक्त्यात बघून झालं की या."

मग कुणीतरी सांगितलं, दोष टायरचा नाहीच, मडगार्डचा आहे. मडगार्ड आहे म्हणून माती अडते. मी पुढचं मडगार्ड काढलं. हे बाकी खरं निघालं, माती अडायची थांबली. ती आता थेट माझ्याकडे यायला लागली. पहिल्या फेरीत चष्मा गेला, दुसऱ्या फेरीत मिशा. त्या दिवशी परत येताना वेशीजवळ एका माजी विद्यार्थ्यानं मला हात करून थांबवलं आणि अदबीनं विचारलं, "बाबा, भूगोलाच्या सरांचं घर कोणतं?" मी बोटानं दाखवलं. तो गेला. मी अर्धा तास मारुतीच्या पारावर थांबून मग घरी गेलो.

अशा तऱ्हेनं आश्लेषा गेली, मघा गेली, पूर्वा गेली. मी मागचा बटन ठेवून पुढं रेघवाला टायर टाकला; मग पुढं बटन टाकून मागं जुना गोटा परत लावला. हवा पंधरापासून पस्तीसपर्यंत सगळ्या आकड्यांवर राहून आली. ट्यूबचा व्हॉल्व्ह दोनदा उपटला, कारण हवा कमी असली की टायर रिमवर सरकतो आणि जाताना व्हॉल्व्हला बरोबर नेतो. पंक्चरवाल्यानं माझ्या जिवावर दुकानाला नवीन पत्रे टाकले. तक्त्यात आता टायरच्या रकान्यांना उपरकाने झाले होते.

आणि एक दिवस पाहतो तर पाऊस नव्हता.

हस्ताचा हत्ती दोन शिंतोडे देऊन गेला आणि खानदेशी ऊन पडलं. आठ दिवसांत शेतरस्ता फरसबंदीसारखा टणक झाला. मी इस्त्रीचा सदरा घातला, बटन टायर घरी ठेवून नवा कोरा रस्त्याचा टायर लावला आणि शिट्टी वाजवत निघालो. जमीन वाळली की ते माँटमोरिलोनाइट आकसतं हे मी वर सांगितलंच. आकसलं की भेगा पडतात, हेही मी एकतीस वर्षं शिकवलंय, आकृती काढून. शेताच्या वळणावर एक भेग रस्त्याच्या दिशेनंच, सरळ, आखल्यासारखी गेलेली होती. माझं पुढचं चाक तिच्यात उतरलं आणि उतरलं ते उतरलंच. गाडी रेल्वेच्या रुळावर आल्यासारखी त्या भेगेतून वीस पावलं गेली. मी डावीकडे वळवतोय, ती ऐकत नाही. भादली स्टेशनात न थांबणाऱ्या एक्सप्रेससारखे आम्ही माझ्या शेताच्या समोरून, शेतात न वळता, पुढं निघून गेलो आणि भेग संपली तिथं, दुसऱ्याच्या बांधावर, थांबलो. सालदारानं काम सोडून येऊन वीत लावून भेग मोजली. मी पट्टी लावून मोजली.

पावणेतीन इंच.

शिंप्यानं कापड बेतावं तशी ती माझ्या टायरच्या मापानं बेतलेली होती.

डिसेंबरात भाच्याचा फोन आला. आवाज पडलेला. त्यानं अखेर एकशे सदतीस इंची पट्टा घेतला होता, अडीच इंच फळ्यांचा, भुरभुऱ्या बर्फासाठी. पहिल्याच रविवारी डोंगरात गेला तर पडलेला होता काँक्रीट. पट्ट्यानं पाच मिनिटांत असा खड्डा खणला, की खालचं गवत दिसायला लागलं. चौघांनी मिळून गाडी दोरीनं ओढून काढली. पुढच्या रविवारी उंचावर गेला, तिथं भुरभुरा बर्फ होता, पण तिथपर्यंत जायचा रस्ता पक्का गोठलेला, काचेसारखा.

"आणि मामा, गाडी तापली!"

"कुठं तापली?"

"बर्फात."

फोन स्पीकरवर होता. माझी बहीण, म्हणजे त्याची आई, नेमकी आमच्याकडे आलेली. ती म्हणाली, "तापवायचीच होती तर भुसावळला आणायची. एवढा खर्च कशाला?"

भाच्यानं समजावून सांगितलं. तो पट्टा आत प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्यांवरून घसरत फिरतो. मऊ बर्फात चालताना बर्फाचे कण उडून त्या पट्ट्यांवर पडतात, त्यानं त्या ओल्या आणि गार राहतात. टणक बर्फावर काही उडतच नाही; मग घर्षणानं प्लॅस्टिक तापतं, मऊ होतं, वितळतं. चहूकडे बर्फ आणि मधे वितळलेलं प्लॅस्टिक. ही गोष्ट मी दोन वेळा समजून घेतली, कारण पहिल्या वेळी मला इतका आनंद झाला, की लक्ष नव्हतं.

"मग आता पट्टा बदलतोस?"

"विचार होता. आखूड घ्यावा, बुटक्या फळ्यांचा. परत तक्ता केला. पण तिथं एक म्हातारा भेटला, चाळीस वर्षं बर्फात गाड्या चालवणारा. तो म्हणाला, पट्टा राहू दे, हे लाव." भाच्याच्या आवाजात आता जोर आला. "स्क्रॅचर म्हणतात त्याला, मामा. साधी गोष्ट आहे. पोलादाची वाकडी तार. गाडीच्या खाली, पट्ट्याच्या बाजूला लोंबत ठेवायची. ती जाता जाता बर्फ खरवडते, कण उडतात, पट्ट्या गार राहतात. एवढंच!"

"तार खरवडते?"

"हो."

"केवढी असते?"

"असेल... हातभर."

मी काही बोललो नाही. सालदार उंबऱ्याशी बसून चहा पीत होता. बाहेर माझी गाडी उभी होती, स्टँडवर, आणि पायाच्या गार्डला सुतळीनं बांधलेली बाभळीची काडी तिला होती. ती पूर्वा नक्षत्रापासून तिथं आहे आणि तिची नोंद तक्त्यात नाही. सालदारानं बशी खाली ठेवली, फोनच्या दिशेनं मान पुढं केली आणि मोठ्यानं म्हणाला,

"भाचेबुवाले म्हना, तार गंजती. बाभयची लावा."